प्राण्यांची भावकी

२०२२च्या खरिपात बीड, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सोयाबीन नुकतंच दोन-चार पानांवर आलं होतं आणि शंखी गोगलगायींनी कोवळी रोपं रातोरात फस्त केली. अंबाजोगाईच्या परिसरात त्या पावसाळ्यात बांधावर, पाइपाखाली, दगडाआड जिकडं पाहावं तिकडं शंख दिसत होते. कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. पुढं राज्य सरकारला या तीन जिल्ह्यांसाठी वेगळी मदत जाहीर करावी लागली. पिकावर काही पडलं की पंप पाठीला लावायचा, ही आपली पहिली सवय. पण नेहमीची बहुतेक कीटकनाशकं गोगलगायीपुढं लुळी पडतात. कृषी विद्यापीठाचे लोक सांगत होते ते उपाय निराळेच होते: गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी शेतात टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा, बांधाच्या कडेनं चुन्याचा पट्टा मारा, मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरा.

असं का, याचं उत्तर दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ या धड्यात आहे. कीटक संधिपाद संघातले आणि गोगलगाय मृदुकाय संघातली. दोघांचा सामाईक पूर्वज पन्नास कोटी वर्षांहूनही मागं गेला. म्हणजे गोगलगाय ही ‘कीड’ आहे ती शेतकऱ्याच्या हिशेबानं. प्राणिशास्त्राच्या हिशेबानं ती बोंडअळीपेक्षा कालव-शिंपल्यांच्या घरातली. दोन्ही हिशेब आपापल्या जागी खरे आहेत. घोटाळा होतो तो एकाचं औषध दुसऱ्याला लावल्यावर.

वर्गीकरण म्हटलं की बहुतेकांना घोकंपट्टी आठवते: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. मार्कांपुरतं पाठ करायचं आणि विसरायचं. पण या उतरंडीची जवळजवळ प्रत्येक पायरी बीडच्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर पैशात मोजली जाते. संघाची पायरी गोगलगायीनं दाखवली. एक पायरी खाली, वर्गाकडं या. भाजीपाल्यावर पडणारा लाल कोळी संधिपाद आहे, पण कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय, याला मोठेपणी आठ. तो घरातल्या कोळ्याचा आणि गोचिडाचा नातेवाईक. म्हणून त्याच्यासाठी कोळीनाशक वेगळं मागावं लागतं. काही कीटकनाशकांच्या फवारणीनंतर तर कोळी वाढतो, कारण त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो तेवढा उरतो.

आणखी एक पायरी खाली गण आणि तिथं बीटी कापूस उभा आहे. भारतात बीटी कापसाला २००२च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६मध्ये आलं. या कापसात जिवाणूची जी प्रथिनं घातली आहेत ती शल्कपंखी गणातल्या, म्हणजे पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांच्या आतड्यावर काम करतात. मावा, तुडतुडे, पांढरी माशी हे अर्धपंखी गणातले. त्यांना या प्रथिनांचं काही सोयरसुतक नाही. ‘बीटी लावलं तरी फवारणी सुटेना’ ही तक्रार गेवराई-माजलगावच्या कापूसपट्ट्यात वर्षानुवर्षं ऐकू येते. तिच्यात बियाणं कंपन्यांच्या जाहिरातबाजीचा वाटा आहेच. पण बियाण्याच्या पाकिटावर ‘हे फक्त एका गणासाठी आहे’ असं ठळक मराठीत छापलं असतं तर निम्मा गैरसमज तिथंच मिटला असता. पुढं २०१७मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यात बीटीलाही दाद दिली नाही. ती मात्र वर्गीकरणाची नव्हे, प्रतिकारक्षमतेची गोष्ट: त्याच गणातली एक जाती औषधाला सरावली.

तर मूळ प्रश्न असा: प्राण्यांचे गट पाडायचे ते कशावरून?

आपल्याकडचं जुनं उत्तर ‘जन्म कसा होतो’ यावरून होतं. जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज या चार खाणी. चरकापासून संतसाहित्यापर्यंत हीच मांडणी चालत आली आणि कीर्तनातून ती गावोगाव पोचली. गर्भातून येणारे, अंड्यातून येणारे, घाम-उबाऱ्यातून येणारे, जमीन फोडून येणारे. यातली तिसरी खाण निरीक्षणापुढं टिकली नाही. इटलीच्या फ्रान्चेस्को रेदीनं १६६८मध्ये मांसावर कापड झाकून दाखवलं की माशी बसली नाही तर अळ्या पडत नाहीत. उवाही घामातून होत नाहीत, लिखांतून होतात. जैन परंपरेत तत्त्वार्थसूत्रानं इंद्रियांच्या संख्येवरून एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीव लावले. प्राण्यांकडं नीट पाहून केलेली ती मांडणी आहे, आणि तिचा उल्लेख आपल्या शालेय पुस्तकांत असायला हरकत नव्हती.

चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा विषय इथंच उरकून घेतो. २०११मध्ये कॅमिलो मोरा आणि सहकाऱ्यांनी पृथ्वीवर, जिवाणू सोडून, सुमारे ८७ लाख जाती असाव्यात आणि त्यांतले सुमारे ७७ लाख प्राणी, असा अंदाज मांडला. तेव्हापासून ‘आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होतं’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. पुराणातला ८४ लाखांचा हिशेब जलचर ९ लाख, स्थावर २० लाख, कृमी ११ लाख, पक्षी १० लाख, पशू ३० लाख आणि माणसं ४ लाख असा आहे. आज जगात पक्ष्यांच्या जाती सुमारे ११ हजार आहेत आणि माणसाची एकच. बेरीज जवळ आली म्हणून खाती जुळली असं होत नाही. ती आध्यात्मिक गणती आहे. तिला तिच्या जागी राहू द्यावं.

युरोपात कार्ल लिनियसनं आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या १७५८च्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांचे सहा वर्ग केले: सस्तन, पक्षी, उभयचर, मासे, कीटक आणि कृमी. शेवटचा वर्ग म्हणजे उरलेलं सगळं एका पोत्यात. गोगलगाय, गांडूळ, जंत, तारामासा सगळे त्यात. साप आणि सरडे बेडकांबरोबर उभयचरांत. हे सहा वर्ग मोडून झाले, पण प्रत्येक प्राण्याला प्रजाती आणि जाती अशी दोन शब्दांची ओळख देण्याची त्याची पद्धत राहिली आणि आजही प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची कायदेशीर सुरुवात १७५८पासूनच धरतात. लामार्कनं ते पोतं उपसलं, क्युव्हियेनं शरीररचनेवरून चार मोठ्या शाखा केल्या. १८५९मध्ये डार्विननं खरा मुद्दा मांडला: सारखेपणा हा वंशाचा पुरावा आहे, म्हणून वर्गीकरण वंशावळीवरून व्हायला हवं. तरी ते नेमकं कसं करायचं याची शिस्त यायला जवळजवळ शतक गेलं. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेन्निग यानं १९५०मध्ये ती दिली. गट तोच खरा ज्यात एक पूर्वज आणि त्याची सगळी संतती येते. सोयीनं काहींना वगळायचं नाही.

गावाकडच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. शेजार आणि भावकी यांतला फरक त्याला पक्का माहीत असतो. शेजारी सारखे राहतात, सारखं खातात, दिसायलाही सारखे होतात; पण सातबाऱ्यावर नाव लागतं ते भावकीचं. प्राणिशास्त्र दोनशे वर्षं शेजारालाच भावकी समजत होतं, आणि गेल्या तीस वर्षांत त्याला फेरफार करावे लागले.

त्यातला सर्वांत मोठा फेरफार आपल्या एका शेतात उभं राहून पाहता येतो. चार प्राणी घ्या: गांडूळ, गोगलगाय, बोंडअळी आणि डाळिंबाच्या मुळांना गाठी आणणारी सूत्रकृमी. यांत कोण कुणाच्या जवळचं? क्युव्हियेनं १८१७मध्ये गांडूळ आणि कीटक एकत्र बसवले, कारण दोघांचं शरीर वलयांचं, खंडांचं. अळी हातात घेऊन पाहिली तर कुणालाही तेच पटेल. सूत्रकृमी बिचारी एका बाजूला, कारण तिला खरी देहगुहा (शरीराची भिंत आणि आतडं यांतली पोकळी) नाही. विसाव्या शतकात लिबी हायमन यांच्या ग्रंथांनी देहगुहेची शिडी प्रमाण केली: देहगुहा नसलेले खाली, अर्धवट असलेले मध्ये, पूर्ण असलेले वर. आपली पाठ्यपुस्तकं आजही त्याच शिडीवर चढतात.

१९९०च्या दशकात शास्त्रज्ञ एका जनुकाची अक्षरं एकमेकांशी ताडून पाहू लागले. १९९७मध्ये आगिनाल्दो आणि सहकाऱ्यांनी मांडलं की कीटक आणि सूत्रकृमी एकाच घरातले आहेत. खूण आहे कात टाकण्याची. अळी वाढताना अंगावरचं कवच टाकते, खेकडा टाकतो, विंचू टाकतो आणि सूत्रकृमीही टाकते. सापाची कात निराळी, तिचा या कुळाशी संबंध नाही. आणि गांडूळ? ते निघालं गोगलगायीच्या बाजूचं. समुद्रात राहणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांची अंड्यातून निघणारी पिलं सुरुवातीला इतकी सारखी असतात की वेगळी ओळखणं जड जावं. खंडांचं शरीर ही जवळच्या नात्याची खूण मानली गेली होती, ती तशी ठरली नाही. आपण स्वतः, बेडूक, मोर आणि समुद्रातला तारामासा हे तिसऱ्या घरातले. म्हणजे द्विपार्श्व सममितीच्या बहुतेक प्राण्यांची तीन मोठी घराणी आज मानली जातात, आणि ‘देहगुहा किती’ हा प्रश्न त्यांत दुय्यम झाला आहे. दहावीच्या पुस्तकात गोलकृमींच्या संघाचं नाव अजून ‘अ‍ॅस्केल्मिंथिस’ आहे. तो गट शास्त्रज्ञांनी केव्हाच मोडीत काढला. मुलांना आधी ढोबळ मांडणी शिकवावी हे मान्य. पण नाव तरी आजचं वापरा.

प्राण्यांच्या या वंशवृक्षाच्या बुंध्याशी काय आहे, यावर अजून भांडण चालू आहे. सगळ्यांत आधी फुटलेली फांदी स्पंजांची की कंगवा-जेलीची? २००८पासून पारडं इकडून तिकडं झुकतं आहे. २०२३मध्ये गुणसूत्रांवरच्या जनुकांचा क्रम पाहून केलेल्या एका मोठ्या अभ्यासानं कंगवा-जेलीच्या बाजूनं कौल दिला. सगळे मानायला तयार नाहीत. बीडला समुद्र नाही, त्यामुळं हा वाद आपल्याकडं वर्गापुरताच.

वरच्या फांद्यांवर मात्र आपल्या ओळखीचे बसले आहेत. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात जो मोर पिसारा फुलवतो त्याचं सगळ्यांत जवळचं हयात असलेलं बिगरपक्षी नातं मगरीशी आहे. मगर सरड्यापेक्षा मोराला जवळची. तेव्हा पक्षी बाहेर ठेवून केलेला ‘सरीसृप’ हा वर्ग भावकीच्या कसोटीवर नापास होतो. ‘मासे’ तर त्याहून वाईट. माजलगावच्या धरणातला रोहू हा शार्कपेक्षा तुम्हा-आम्हाला जवळचा, कारण हाडांचा सांगाडा असलेल्या माशांच्याच एका शाखेतून पाय असलेले सगळे कणाधारी आले. आणि घराच्या चौकटीला लागलेली वाळवी? तिचा स्वतंत्र गण होता. २००७च्या जनुकीय अभ्यासानं तो मोडला. वाळवी म्हणजे वसाहत करून राहणारी झुरळं. मुंगीशी तिचं नातं शेजाराचं, रक्ताचं नाही.

आता सगळ्यांत खालची पायरी, जाती. इथं सगळ्यात जास्त गोंधळ आहे आणि त्यात मराठवाड्याचाही हिस्सा आहे.

दख्खनच्या प्राण्यांची पहिली मोठी शास्त्रीय मोजदाद कर्नल विल्यम साइक्सनं केली. मुंबई सरकारच्या नोकरीत तो पुणे-नगरकडं फिरला आणि १८३१-३२मध्ये त्यानं दख्खनच्या पशुपक्ष्यांच्या याद्या लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढं मांडल्या. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात, पण बालाघाटच्या माळावरचा लांडगा आणि चिंकारा तेच. दोघांचीही शास्त्रीय नावं साइक्सनं १८३१मध्ये दिलेली. लांडग्याला त्यानं स्वतंत्र जाती मानलं होतं. पुढं त्याला जगभरच्या करड्या लांडग्याची उपजाती करून टाकलं. २०२१मध्ये संपूर्ण जीनोम वाचल्यावर दिसलं की भारतीय लांडगा हा करड्या लांडग्यांच्या सगळ्यांत आधी वेगळ्या झालेल्या वंशांपैकी एक आहे. म्हणजे साइक्सचा अंदाज अगदीच चुकला नव्हता. धनगराच्या वाड्यावर हा प्रश्न पडत नाही, पण संवर्धनाचा पैसा आणि धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतली जागा त्यावरच ठरते. साइक्सनं माशांवरही लिहिलं. १८३९च्या त्याच्या यादीतले खुद्री, कोळुस, फुलुंगी हे मासे आजही त्याच नावांनी शास्त्रात आहेत.

उलट दिशेची चूकही होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र म्हणजे बऱ्याच ठिकाणी कृमिशास्त्र. शेळी, मेंढी, कोंबडी, गोड्या पाण्यातले मासे यांच्या आतड्यातून पट्टकृमी काढायचे, काचपट्टीवर रंगवायचे, मापं घ्यायची. हे काम कष्टाचं होतं आणि खाटकाच्या दुकानातून नमुने मिळत असल्यानं स्वस्तही. पण मापांतल्या किरकोळ फरकावर नवी जाती जाहीर करण्याची चाल पडली. कृमी मेल्यावर किती आखडला, काच किती दाबली, यानंही मापं बदलतात. मागूर माशातल्या एका गटाच्या पट्टकृमींचा २०११मध्ये आंतरराष्ट्रीय चमूनं फेरआढावा घेतला, तेव्हा भारत आणि आसपासच्या देशांतून दिलेल्या पन्नासहून अधिक नावांतून आठच जाती खऱ्या ठरल्या. नवी जाती म्हणजे नवा शोधनिबंध आणि शोधनिबंध म्हणजे बढती, हे समीकरण असलं की असंच व्हायचं. यात एका माणसाचा दोष नाही, पद्धतीचा आहे. आणि ती काचपट्ट्यांची कपाटं फेकून देण्याजोगीही नाहीत. फेरतपासणीला तीच लागणार.

मराठवाड्यातल्याच विद्यापीठाच्या आवारात पुढचं पाऊलही पडलं आहे. कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी २००३मध्ये सुचवलं की प्रत्येक प्राण्याच्या पेशीतल्या तंतुकणिकेतला एक ठरावीक जनुक, सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा, वाचावा. तो जातीच्या ओळखपत्रासारखा वापरता येईल. याला डीएनए बारकोड म्हणतात. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात हेबर्ट यांच्याच नावानं बारकोडचं केंद्र आहे, आणि बीडची महाविद्यालयं याच विद्यापीठाशी जोडलेली. याचा फायदा शेतातही दिसतो. २०१८च्या मे महिन्यात कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी पहिल्यांदा सापडली. डोक्यावरची उलटी इंग्रजी वाय आणि शेपटीकडच्या आठव्या खंडावर चौकोनात चार ठिपके ही तिची खूण; पण अगदी लहान अळीत ती नीट दिसत नाही. तिथं बारकोड कामाला येतो, कारण अंडं, अळी, कोष, पतंग सगळ्यांत अक्षरं तीच. मर्यादाही आहे: हा जनुक फक्त आईकडून येतो, त्यामुळं संकर झाला असेल तर बाप कळत नाही. बारकोडवर विसंबून डोळ्यांनी ओळखणारी माणसंच संपली, तर त्या अक्षरांना नाव कोण देणार हा प्रश्न उरतो.

वर्गीकरण कुठं उपयोगी पडत नाही, हेही सांगायला हवं. नाग आणि मण्यार एका कुलातले, घोणस आणि फुरसं दुसऱ्या. पहिल्या जोडीचं विष प्रामुख्यानं मज्जासंस्थेवर, दुसरीचं रक्तावर. नातं इथं लक्षणांशी बरंच जुळतं. ऊसतोडीला गेलेली आपली माणसं कोपीत जमिनीवर झोपतात, आणि मण्यार रात्रीच चावते. दंश दुखत नाही, सूज येत नाही, पहाटेपर्यंत पापण्या जड होतात. पण दवाखान्यात मिळणारं सर्पदंशावरचं प्रतिविष या चारही सापांवर चालणारं असतं. म्हणून सापाची जाती ओळखण्यासाठी त्याच्या मागं धावू नये, मारून पिशवीत घालून आणू नये. माणसाला लवकर पोचवावं. डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात.

भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १ जुलै १९१६ला कोलकात्यात सुरू झाली. तिचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे. २०२४मध्ये तिनं देशातल्या १ लाख ४ हजार ५६१ प्राणिजातींची यादी प्रसिद्ध केली. एवढी मोठी यादी, पण ती देशाची आहे. गेवराईत काय आहे आणि आष्टीत काय नाही, हे तिच्यातून कळणार नाही. त्यासाठी २००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. पुष्कळ ठिकाणी ती सल्लागाराकडून एकगठ्ठा भरून घेतली गेली आणि कपाटात गेली. आपल्या गावची नोंदवही ग्रामपंचायतीकडं मागा. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना, मेंढपाळांना, मासे धरणाऱ्यांना बसवून तिच्यातली प्राण्यांची पानं तपासा; चूक असेल तिथं खोडा, नसेल ते लिहा. गावातलं नाव, जागा, तारीख आणि एक स्वच्छ फोटो एवढं पुरे. शास्त्रीय नाव कुणी जाणकार नंतर लावील.